तीन अक्षरे घेऊन किल्ला चढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लिपीचा इतिहास बघायचा तर ग्वाल्हेरबाहेर जायची गरज नाही. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढाला पायथ्याशी गुजरी महालातले संग्रहालय आहे, वाटेत चतुर्भुज मंदिर आणि माथ्यावर सासबहू मंदिर. जवळपास हजार वर्षांची अक्षरे एका सकाळीत भेटतात. सोमवारी संग्रहालय बंद असते, तो दिवस टाळ.

सगळे वाचून काढायचा हट्ट धरू नकोस. र, न, म ही तीनच अक्षरे घेऊन चढ. आदल्या रात्री त्यांची ब्राह्मी, म्हणजे देवनागरीच्या मूळ लिपीतली, रूपे वहीत काढ. र म्हणजे नुसती उभी रेघ, न म्हणजे आडव्या रेघेच्या मध्यावर उभी केलेली रेघ, म म्हणजे खाली गोल आणि वर दोन शिंगे.

संग्रहालयात पवाया गावी सापडलेली मणिभद्र यक्षाची मूर्ती शोध. तिच्या पीठावरच्या लेखाची सुरुवात राजा शिवनंदीच्या चौथ्या वर्षाने होते. ‘राज्ञः स्वामि शिवनन्दि’ एवढ्यातच तुझी तिन्ही अक्षरे येतात. शिरोरेघ शोधू नकोस, ती अजून जन्मायची आहे. अक्षराच्या वरच्या टोकाला उजवीकडे आडवा फराटा दिसला तर तो काना.

खरा वेळ चतुर्भुज मंदिरासाठी राखून ठेव. एकाच खडकात कोरलेले हे देऊळ लहानसे आहे. कुलूप असेल तर पहारेकऱ्याला विनंती कर. आतल्या लेखात संवत् ९३३ आहे. ५७ वजा केले की इसवी सन ८७६. देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग दिली आणि रोज ५० माळा ठरवल्या, असा तो मजकूर. २७० आणि ५० मधले शून्य बघ. शेजारच्या अंकांपेक्षा लहान, पण आपलेच गोल शून्य. ‘जगातले पहिले शून्य’ असे कुणी सांगितले तर मान डोलावू नकोस. कंबोडियातल्या शक ६०५च्या, म्हणजे इसवी सन ६८३च्या, लेखात शून्याच्या जागी टिंब आहे. आपल्या शून्याचे मोल त्याने कमी होत नाही. इथे ते बागेच्या मापात आणि माळांच्या हिशेबात सहज वापरलेले दिसते, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या हातात ते मुरलेले होते.

तिथे हमखास चूक होते ती उजेडाची. फ्लॅश समोरून मारला की खाचेतली सावली जाते आणि अक्षर सपाट होते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धर, खाच लगेच उठून दिसेल. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा बघ, कारण प्रकाशाला समांतर असलेली रेघ एका बाजूने दिसतच नाही. खडू, तेल, पाणी यांतले काहीही दगडाला लावू नकोस. खडू भरणारा स्वतःचा अंदाज दगडावर भरतो आणि पुढचा माणूस दगडाऐवजी तो अंदाज वाचतो. कागद ओला करून ठसा घेणे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय करायचे नाही.

वर सासबहू मंदिराच्या मंडपात संवत् ११५० चा, म्हणजे १०९३ चा, मोठा लेख आहे. तोवर अक्षरे ओळखीची होतात, आणि नेमका तिथेच नवशिका घसरतो. अशा जुन्या नागरी लेखांत एकाराची मात्रा वर नसून अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून येते, ती पडिमात्रा. न कळल्यास तू तिला मागच्या अक्षराचा काना समजशील आणि सगळा शब्द बिघडेल. ब च्या जागी व लिहिलेला असतो. रफारानंतरचे व्यंजन दुप्पट होते: धर्म्म, कर्म्म. या चुका नाहीत, त्या काळची लिहिण्याची पद्धत आहे.

प्रत्येक ठिकाणी एकच ओळ पाचपट मोठी करून उतरव. फुटलेल्या अक्षराच्या जागी ठिपक्यांची चौकट कर, आणि खात्री नसेल तिथे अक्षराखाली टिंब दे. अर्थ लागतो म्हणून दगडावर नसलेली मात्रा कागदावर घालू नकोस.

घरी मोडीतले कागद असतील तर तेही काढ. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरे खाली लटकवतात, शब्द तोडत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. तोवर वहीची तिन्ही पाने पाठव. शाईने नको, पेन्सिलीने. मला त्यावर खुणा करायच्या आहेत.