वाचक विचारतात : बालवाडीची शिक्षिका व्हायचंय, कोर्स कुठला?

प्रश्न : मुलगी यंदा आर्ट्समधून बारावी झाली, 58 टक्के पडले. तिला बालवाडीतच शिकवायचंय. कोल्हापुरात एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा 'मॉन्टेसरी टीचर' कोर्स आहे, फी 30 हजार. पाहुणे म्हणतात डी.एड. करा, नोकरी पक्की. कुणाचं ऐकायचं?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : आधी मुलीला एकच विचारा, किती वर्षांची मुलं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं 3 ते 8 वर्षं हा एकच 'पायाभूत स्तर' मानला आहे. त्यात बालवाडीची तीन वर्षं आली आणि पहिली-दुसरीही आली. कागदावर स्तर एक झाला, तरी शिक्षिकेच्या पात्रतेच्या वाटा अजून वेगळ्याच आहेत.

डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., दोन वर्षांचं आहे आणि ते पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी. प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत होतो. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी 49.5 आणि राखीवसाठी 44.5 टक्के लागतात, तेव्हा तुमची मुलगी बसते. पण त्यानं नोकरी पक्की होते हे पाहुण्यांचं म्हणणं जुन्या काळातलं. पदविकेनंतर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पहिला पेपर, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ) आणि जागा निघण्याची वाट. शिवाय या अभ्यासक्रमाचा भर सहा वर्षांपुढच्या मुलांवर असतो. साडेतीन वर्षांचं रडणारं पोर आईच्या पदरापासून कसं सोडवायचं, हे त्यात फारसं येत नाही.

नेमकं बालवाडीसाठीच म्हणाल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) यादीत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, डी.पी.एस.ई. तिला बारावीत 50 टक्के लागतात. ती चालवणारी मान्यताप्राप्त संस्था जाण्यायेण्याच्या अंतरात असेल, तर आमचं मत तिच्याच बाजूनं. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटेप, हाही पर्याय आहे. त्यात पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र होतं आणि पायाभूत स्तर निवडता येतो. पण त्याची प्रवेश परीक्षा (एनसीईटी) देशपातळीवरची आहे आणि संस्था मोजक्या, म्हणजे वसतिगृहाचा खर्च धरूनच विचार करा.

आता तो 30 हजारांचा कोर्स. 'मॉन्टेसरी' हे नाव कुणीही पाटीवर लिहू शकतं, त्याला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून मान्यतेचा कागद मागा. 'शासनमान्य' म्हणून पुष्कळदा ट्रस्टचा नोंदणी दाखला पुढे करतात, नाहीतर आयएसओ प्रमाणपत्र दाखवतात. या दोन्हींचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी संबंध नाही. आणखी एक फसगत अशी, की संस्थेला बी.एड.ची मान्यता खरोखर असते आणि त्याच इमारतीत, त्याच पाटीखाली बालवाडीचा बिनमान्यतेचा कोर्स चालतो. एनसीटीईच्या संकेतस्थळावर पश्चिम विभागीय समितीच्या यादीत संस्थेचं नाव शोधा आणि मान्यतेच्या आदेशात चार गोष्टी जुळवा : अभ्यासक्रमाचं नाव, पत्ता, प्रवेशसंख्या आणि वर्ष. एक जरी जुळली नाही तरी फी भरू नका.

बिनमान्यतेचा कोर्स टाकाऊच असतो असं मात्र नाही. खाजगी बालवाड्या तो चालवून घेतात, आणि तिथला पगार संस्थाच ठरवते. काही ठिकाणी शिकवतातही चांगलं. फक्त पुढे एखाद्या जाहिरातीत 'एनसीटीई मान्यताप्राप्त पदविका' असं आलं, की तिथं अडतं. हे माहीत असून घ्यायचा तर घ्या.

प्रश्न : दोन कॉलेजं कागदोपत्री सारखीच आहेत. प्रत्यक्ष जाऊन काय बघू?
— विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नका. सकाळी दहाच्या सुमाराला जा आणि विचारा, तुमची स्वतःची बालवाडी कुठं आहे? बालवाडी नसेल तर सरावपाठ कुठल्या शाळेत होतात, एका वर्गात किती विद्यार्थिनी सोडतात? वीस मुलांच्या वर्गात आठ विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभ्या असतील तर शिकणं होत नाही, मुलं बुजतात तेवढीच. 2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात 3 ते 6 वयासाठी वीस मुलांमागे एक शिक्षिका हे प्रमाण दिलंय. ते तिथल्या वर्गात दिसतं का, मोजा.

मग मागल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थिनीची फाइल मागा. कॉलेजची खरी परीक्षा तिथंच होते. थर्माकोलचे तक्ते, चकचकीत कागदाची फुलपाखरं यांवर जाऊ नका. निरीक्षणाच्या नोंदी वाचा. 'मुलगा हट्टी आहे' असं लिहिलं असेल आणि खाली मार्गदर्शकांची नुसती सही, तर शिकवलेलं नाही. 'ठोकळा हिसकावल्यावर रडला, दोन मिनिटं खिडकीपाशी उभा राहिला, मग दुसरा ठोकळा घेऊन परत आला' अशी नोंद असेल आणि बाजूला 'त्याआधी काय घडलं?' असा शेरा असेल, तर डोळे मिटून प्रवेश घ्या. या वयात लेखी परीक्षा नसते. मूल कुठवर आलंय हे अशा नोंदींवरूनच कळतं, पालकसभेत बोलायचं तेही यावरूनच.

पाठटाचणांत तीन वर्षांच्या मुलांसाठी उभ्या-आडव्या रेघा, अक्षर गिरवणं असलं काही दिसतंय का, तेही पाहा. त्या वयात बोटांचे स्नायू आणि मनगट बारीक लिखाणाला तयार नसतं. मूल पेन्सिल मुठीत धरतं, जोर खांद्यातून लावतं, दमतं, आणि ती पकड पुढे सोडवता सोडवत नाही. त्याऐवजी मळणं, फाडणं, ओवणं, चिमटीनं उचलणं हवं. मातीसाठी कोल्हापुरातल्या बापट कॅम्पच्या कुंभारांकडची शाडू, उचलायला चिंचोके, ओवायला मोठ्या भोकाचे मणी. (चिंचोके आणि मणी तीन वर्षांच्या आतल्यांना नकोत, ते नाकात घालतात. मोठ्यांवरही लक्ष ठेवावंच लागतं.) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या अशाच वस्तूंवर बालवाड्या उभ्या केल्या. अभ्यासक्रमात त्यांचं नाव फक्त पाच गुणांच्या टिपेपुरतं येत असेल तर प्राध्यापकांना त्याबद्दल जरूर छेडा.

मॉन्टेसरी साहित्य असल्याचं सांगितलं तर कपाट उघडायला लावा. त्यातल्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. सगळ्यात धाकटा हरवलेला असेल तर फार वाईट वाटून घेऊ नका, साहित्य मुलांच्या हाती जातंय एवढं कळलं. कपाटाची किल्ली शिपायालाच सापडत नसेल तर मात्र काढता पाय घ्या.

इंटर्नशिपचे आठवडे छापील वेळापत्रकात दाखवायला सांगा. एनसीटीईच्या शिक्षक-पदविकांना तासांसाठी 80 टक्के आणि इंटर्नशिपसाठी 90 टक्के हजेरी लागते. 'हजेरीचं बघू आम्ही' असं हसून सांगणारं कॉलेज तुम्हाला शिकवणार नाही. आणि विद्यार्थिनींना गॅदरिंगच्या सजावटीला, प्रवेशाच्या पत्रकवाटपाला जुंपतात का, हे मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातल्या मुलींना विचारा. त्या सांगतात.

कोल्हापुरात आलातच तर शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय परवानगी घेऊन पाहून या. ती प्राथमिक शाळा आहे, पण अनुभवातून शिकवणं म्हणजे काय, हे पाहिलं की कॉलेजला प्रश्न विचारायला सुचतात.

प्रश्न : लग्न झालंय, दोन मुलं आहेत, रोज कॉलेजला जमणार नाही. इग्नूचा कोर्स चालेल का?
— वाचक, कागल

उत्तर : बालसंगोपन व शिक्षणाची इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) पदविका (डी.ई.सी.ई.) बारावीवर मिळते, कमीत कमी एक वर्षाची, 32 क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे 30 तास अभ्यास, म्हणजे 960 तास. वर्षात संपवायची तर आठवड्याला अठरा-एकोणीस तास पडतात. दोन मुलं सांभाळून हे जड जाईल, तेव्हा मुदत वाढवून घेण्याची तयारी ठेवा. आहार, आरोग्य, विशेष मुलं यांवरचा भाग भक्कम आहे. माध्यम कुठलं, ते प्रवेशाआधी पाहा. प्रकल्पासाठी प्रत्यक्ष मुलं लागतात, तेव्हा गावातल्या अंगणवाडीशी किंवा बालवाडीशी आधीच बोलून ठेवा. नाहीतर स्वाध्याय पूर्ण आणि प्रकल्प अडकलेला, अशी अवस्था होते. ही पदविका डी.पी.एस.ई.ची जागा घेते असं मात्र धरू नका.

अंगणवाडी सेविका व्हायचं मनात असेल तर बारावी आणि स्थानिक रहिवास या अटी आधी बघा, त्यासाठी या पदविकेवर पैसे घालायची गरज नाही.

प्रश्न : बी.ए. बी.एड. आहे. पहिली-दुसरीला शिकवायला चालेल ना?
— वाचक, जयसिंगपूर

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्ये बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठी पात्रता नसल्याचं सांगितलं. लहान मुलांतच काम करायचं असेल तर डी.एल.एड. वेगळं करावं लागेल. विशेष गरजा असलेल्या लहान मुलांकडे ओढा असेल तर वाट आणखी वेगळी आहे : तिथं एनसीटीई नव्हे, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आणि अभ्यासक्रमानंतर सीआरआर (परिषदेची केंद्रीय नोंदवही) नोंदणी क्रमांक मिळणार का, हे फी भरण्याआधी लेखी घ्या.