इंजेक्शनाने बाबांची जनुकं बदलतील का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) एमडीएस (अस्थिमज्जेत निरोगी रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) आहे. अ‍ॅझासायटिडिनची सात दिवसांची पहिली सायकल झाली आणि प्लेटलेट उलट आणखी उतरल्या. हे औषध ‘जनुकं चालू करतं’ असं वाचलं. म्हणजे जनुकं बदलतात? आम्हा मुलांपर्यंत काही येईल का? आणि सिस्टर टोचण्याआधी सिरिंज तळहातांत घोळवतात ती कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सिरिंजचं आधी सांगते, कारण तुमची नजर चांगली आहे. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही; पांढरट गढूळ राहतं, खाली बसतं. घोळवलं नाही तर डोस सारखा जात नाही. शिवाय कालवल्यावर फ्रिजबाहेर ते तासाभराच्या आत टोचावं लागतं. सिस्टर घाई करतात म्हणून रागावू नका.

आता जनुकं. ती बदलत नाहीत. पी१५ हे जनुक पेशीविभाजनाला लगाम घालतं. एमडीएसच्या बऱ्याच रुग्णांत ते शाबूत असतं, पण त्यावर मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, चिकटल्याने गप्प असतं. पेशी विभागताना एक एन्झाइम या मिथाइलच्या खुणा नव्या डीएनएवर जशाच्या तशा उतरवतं. अ‍ॅझासायटिडिन नेहमीच्या सायटिडिनचा वेष घेऊन त्या डीएनएत शिरतं आणि एन्झाइम तिथेच अडकवतं. मग नव्या डीएनएवर खुणांची नक्कल होत नाही, दबलेली जनुकं बोलू लागतात. अर्थात पी१५ जागं झालं की रुग्ण बरा, इतकं सरळ गणित नाही. औषध काही पेशी थेट मारतंही.

१९६४ मध्ये प्रागला ते तयार झालं आणि आधी जालीम डोसमध्ये, पेशी मारायलाच वापरलं गेलं. १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी उंदराच्या पेशींवर त्याचा मिथाइलशी संबंध दाखवला. फार्माकॉलॉजी शिकवताना हा प्रश्न मी हमखास परीक्षेत घालायचे : डोस कमी केल्यावर औषधाचं काम का बदलतं? कारण जालीम डोसमध्ये पेशीच मरते; कमी डोसमध्ये ती जगते, विभागते आणि खुणा गमावते.

खुणा जाण्याचा हा परिणाम पेशी विभागतानाच होतो, आणि औषध थांबलं की खुणा पुन्हा चढतात. म्हणून दर २८ दिवसांनी सायकल, आणि निदान चार ते सहा झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही. सुरुवातीला प्लेटलेट उतरणं नेहमीचं आहे. पहिल्याच सीबीसीवरून औषध सोडून देणारी घरं पाहिली की मला वाईट वाटतं. २००९ च्या मोठ्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांपैकी निम्मे इतर उपचारांवर १५ महिन्यांपेक्षा जास्त जगले, तर अ‍ॅझासायटिडिनवर निम्मे २४.५ महिन्यांपेक्षा जास्त. पूर्ण बरं करणारं औषध हे नव्हे, तेही खरं.

तुमचा जन्म कधीच झालेला, त्यामुळे या इंजेक्शनातून तुमच्यापर्यंत काही येणार नाही. तरुण रुग्णांना मात्र उपचार चालू असताना मूल होऊ देऊ नका, असं बजावतात.

घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ ला पोचला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. हिरड्यांतून रक्त आलं किंवा अंगावर लाल ठिपके दिसले, तरी तसंच.