पग की पॉम? आधी बाबांना विचारलंस का?

‘मावशी, सासूबाई जाऊन आठ महिने झाले. सासरे ७१ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगा नऊ वर्षांचा, तो शाळेत. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसतात, पण बघत नाहीत. त्यांना सोबत म्हणून छोटं कुत्रं आणायचं ठरवलंय. ह्यांना पगच हवाय, दोन हजार रुपये आगाऊ देऊनही आले. माझ्या माहेरी पॉमेरियन होती, मला तीच बरी वाटते. हे म्हणतात, पॉम भुंकून सोसायटी डोक्यावर घेईल, पग बिचारा गप्प पडून राहतो. एसी एकच आहे, आमच्या खोलीत. हॉलमध्ये कूलर. काय करू?’
– एक वाचक, नागपूर

अगं पोरी, सरळ उत्तर आधी देते. पग नको. आणि हे सांगणारी बाई स्वतः पगवेडी आहे. माझ्याकडे अकरा वर्षं पग होता, गोट्या नावाचा. घरात येईल त्याच्या पायाशी लोळायचा, राग म्हणून माहीत नव्हता. त्यामुळे तुझ्या नवऱ्याला पगमध्ये काय दिसतं ते मला पुरतं कळतं. २००३ साली हच या मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे जाणारं ते कुत्रं सगळ्यांच्या मनात घर करून बसलं, आणि आपल्याकडे घरोघरी पग आले.

गोट्या झोपताना हनुवटी कशावर तरी टेकवायचा. चप्पल, पाटाची कड, माझं पाऊल. मान वर, नाक छताकडे. आम्हाला त्याचं भारी कौतुक, फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचो. तो चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी विचारलं, “हा असा का झोपतो, माहितीय?” मान खाली गेली की त्याचा श्वास अडायचा. घशाची वाट मोकळी राहावी म्हणून तो रात्र रात्र मान उचलून धरत होता. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून रडले. त्याच्या घोरण्याला आम्ही चार वर्षं हसत होतो गं.

माणसांनी पिढ्यान्पिढ्या या कुत्र्याचं तोंड चपटं करत आणलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकपुड्या नुसत्या चिरा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये अभ्यास छापला, त्यात इतर कुत्र्यांच्या मानाने पग आजारी पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. ‘गप्प पडून राहतो’ असं तुझे यजमान म्हणतात ना, त्यातलं बरंचसं पडून राहणं दम लागतो म्हणून असतं.

आणि तू राहतेस नागपुरात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, ओल्या जिभेवरून आणि नाकातून हवा खेळते, पाणी उडतं आणि अंग निवतं. तुझ्या हॉलमधला कूलर हेच काम करतो. पगचा हा कूलर मुळात लहान, त्यात वारा अडलेला. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना दुपारी लाइट गेली तर? जूनमध्ये दोन सरी पडून दमट उकाडा सुरू झाला की कूलर कसा बिनकामाचा होतो ते तुला सांगायला नको. त्या दिवसांत कुत्र्याचं धापणंही तसंच कमी पडतं. एसीची खोली दिवसा बंद, पग बाबांबरोबर हॉलमध्ये. जीभ जांभळी पडू लागली की हातात मोजकी मिनिटं असतात, आणि नेमके तेव्हा घरात बाबा एकटे. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एक माणूस गमावलंय. ही धास्ती त्यांच्या पदरात टाकू नका.

आता तुझी पॉम. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून घरोघरी असतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा, तुझ्या माहेरची पाच-सात किलोची असणार. इथल्याच हवेत पिढ्या वाढलेलं कुत्रं, तोंड निमुळतं, श्वास मोकळा. ऊन तिलाही लागतंच. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतरच फिरवा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर मागे फिरा. गळपट्ट्याला दोरी लावण्यापेक्षा छातीचा पट्टा घ्या, या जातीचा गळा नाजूक असतो. उन्हाळा आला म्हणून केस भादरू नका, ते दुहेरी असतात आणि उन्हापासून कातडी वाचवतात. दिवसाआड विंचरायचं. खुर्चीत बसून, पेपर पसरून होणारं काम आहे, बाबांच्या गुडघ्यांना जमेल असं.

भुंकण्याबद्दल मात्र तुझे यजमान खरं बोलतायत. बेल, लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी, तिला सगळ्यावर मत असतं. पण घरात दिवसभर माणूस असलं की एकटेपणाचं भुंकणं तरी कमी होतं. बेल वाजली की ठरलेल्या चटईवर जाऊन बसायचं आणि तिथे पोळीचा तुकडा मिळवायचा, हे रोज दहा मिनिटं दोन-तीन महिने करा. हे काम नातवाला द्या, तो आनंदाने करेल. सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, तरी खालच्या मजल्यावर आधीच जाऊन दोन शब्द बोलून ये.

पिल्लू मात्र आणू नका. पिल्लू दिवसातून दहादा शू करतं, चपला कुरतडतं, चालताना पायात येतं. ७१ वर्षांच्या माणसाने फरशी पुसत वाकायचं का? तीन-चार वर्षांची स्पिट्झ बघा. बदली झाली, बाळ झालं, घर बदललं म्हणून लोक अशी कुत्री सोडून देतात, प्राण्यांच्या आसऱ्याच्या जागी ती सापडतात. आणण्याआधी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घ्या. पिल्लूच हवं असा हट्ट पडला तर आठ आठवड्यांच्या आतलं विकणं २०१७ च्या नियमांनुसार गुन्हा आहे एवढं लक्षात ठेवा, आणि पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ते दोन हजार गेले तर जाऊ देत.

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ह्यांना काय हवं ते आहे, तुला काय हवं ते आहे, सोसायटीला काय खपेल तेही आहे. बाबांना काय हवं, ते एका ओळीतही नाही. कदाचित त्यांना आणखी एका जिवात जीव गुंतवायचाच नसेल. कदाचित लहानपणी अंगणात कुत्रं होतं आणि तुम्ही कधी विचारलंच नाही. अचानक आणून मांडीवर ठेवू नका. रविवारी दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि विचार. नवऱ्याला बोलू देऊ नकोस, तू विचार.

अजून एक. असं कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं, म्हणजे तीन-चार वर्षांचं आणलं तरी पुढे नऊ-दहा वर्षं. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात असतील. सोबत त्यांना होईल, पण लस, आजारपण, सुट्टीत कुठे ठेवायचं, हे सगळं तुझ्याकडे येणार. तुझी तेवढी तयारी असेल तरच पुढे जा. नसेल तर ते आत्ताच मोकळेपणाने सांग, कुणी तुला वाईट म्हणणार नाही.

बाबा ‘हो’ म्हणाले तर त्यांना बरोबर घेऊनच बघायला जा. एक खुर्ची मागून घ्या, त्यांना अर्धा तास नुसतं बसू द्या. जी आपणहून त्यांच्या पायाशी येऊन बसेल ती घरी आणा. आणि नाव बाबांना ठेवू द्या.

– तुझी मावशी