चेंडू गेल्यावर परत कोण येणार?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फुटबॉलच्या सामन्यात पाच गोल खाल्ले म्हणून ४-२-४, म्हणजे चार बचावात, दोन मधे, चार पुढे ही रचना मोडून टाकू का, असं विचारतोस. मोडू नकोस. तू काढलेल्या आकृतीत पुढे धावणारे बाण भरपूर आहेत, पण चेंडू गेल्यावर परत कोण येणार, त्याचा एकही बाण नाही. दुखणं तिथे आहे.

चौघं पुढे ठेवले की समोरची बचावफळी अडकून पडते. दोन्ही विंगर, म्हणजे आघाडीतले कडेचे दोघे, कडेची रेघ धरून राहिले तर समोरच्यांचे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर यायला धजत नाहीत. हे सुख सोडायचं? पण मधे तुझी दोनच पोरं, समोर तीन. चेंडू गेला रे गेला की त्यांचा तिसरा मोकळा असतो, मान वर करून सावकाश पास देतो. म्हणून विचारतोय, परत कोण येणार?

१९५८च्या विश्वचषकातला ब्राझील बघ. मधे झिटो आणि दिदी. पुढे गारिंचा, वावा, पेले, झगालो. कागदावर ४-२-४च. पण डावीकडचा झगालो मधल्या फळीत उतरायचा आणि दोनाचे तीन व्हायचे. अंतिम सामन्यात स्वीडनला ५-२ हरवलं, त्यातला चौथा गोल याच झगालोचा. परत धावलं तर गोल कसा करणार, असं तुझा विंगर कुरकुरत असेल तर त्याला हे ऐकव.

माझ्याकडेही एक देखणा खेळणारा विंगर होता. लाडका होता, मी त्याला कधी परत धावायला लावलं नाही. एका उपांत्य सामन्यात तो मध्यरेषेपाशी कंबरेवर हात ठेवून उभा होता, आणि मधला पोरगा गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडे बघत होता. मी ओरडलो, ‘पळ!’ त्या दमलेल्यालाच. हरल्यावर बोलणीही त्यालाच बसली. पुढच्या मोसमात तो आलाच नाही.

लोक म्हणाले, रचनाच जुनाट. मी बदलली नाही, आजही बदलणार नाही. चारजणांची आघाडी चुकली नव्हती, मी चुकीच्या पोराला पळायला सांगत होतो.

तेव्हा ४-५-१ वगैरे मला पुन्हा लिहू नकोस. उद्याच्या सरावात चेंडू मुद्दाम समोरच्यांना दे, मनात पाचपर्यंत मोज आणि फक्त डाव्या विंगरकडे बघ. मधल्या दोघांच्या रेषेत पोचला नसेल, तर पुन्हा. तरीही नाही आला, तर उजवीकडच्याला करून बघ. दोघांतला कोण येतो, ते कळव.