पंप कोण चालू करणार, मुलं की सेन्सर?

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी परसबाग सुरू करायचं ठरलंय. मातीची ओल मोजणारे सेन्सर, ऑटोमॅटिक पाणी, शिवाय भाजी विकून उद्योजकता पण शिकवायची असं सगळं एकदमच डोक्यात आहे. मी विज्ञान शिकवतो, शेती आणि कोडिंग दोन्ही जेमतेम येतं. किट आधी घेऊ का?

उत्तर : सर, किटची घाई नको. पहिले दोन-तीन आठवडे मुलांना हातानेच पाणी घालू द्या. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि बोटाने टोकलं की फुटला तर वाफसा आहे, म्हणजे पाणी नको. गोळा चिकट राहिला तर पाणी जास्त झालंय, गोळाच होत नसेल तर घाला (अगदी रेताड माती असेल तर गोळा तसाही नीट होत नाही, तिथे थोडं खोल बोट घालून ओल बघायची). हे ज्या मुलाला कळलं त्याला पुढे स्क्रीनवरचा आकडा खरा बोलतोय की थापा मारतोय हे पण कळतं, बाकीचे आकडा दिसला की मान डोलावतात.

मग सेन्सर आणा, पण सगळ्या बागेला लावू नका. सारख्या मापाचे दोन वाफे करा, बी तेच, माती तीच, ऊन तेवढंच. एकाला मुलं हाताने पाणी घालतील, दुसऱ्याला सेन्सर आणि पंप. हातानं घातलेलं पाणी मगने मोजायचं, पंपाचं मोजायला एक मिनिट बादलीत चालवून किती लिटर पडलं ते बघायचं आणि पुढे जितकी मिनिटं चालला तितक्यांनी गुणायचं. काढणीच्या दिवशी दोन्ही वाफ्यांची भाजी वजन करायची. यंत्राने पाणी वाचवलं, मेहनत वाचवली की काहीच नाही, हे मुलांनीच आकडे बघून सांगायचं. माझ्या मते तुमचं विज्ञान, शेती आणि धंदा तिन्ही या एका प्रश्नात येतात. आणि उत्तर ‘एवढ्याशा वाफ्याला पंप परवडत नाही’ असं आलं तरी प्रयोग फसला असं समजू नका हां, उलट तेच जास्त कामाचं आहे.

पीक मात्र लवकर येणारं घ्या. मायक्रोग्रीन्स (पहिली पानं आली की कापायची कोवळी रोपं) एक-दोन आठवड्यांत, लहान लाल मुळा साधारण २५ ते ३० दिवसांत येतो. टोमॅटो सगळ्यांना हवा असतो पण बियांपासून फळापर्यंत जवळपास तीन महिने जातात आणि मध्येच परीक्षा येतात. सुट्ट्यांचं पण आधी ठरवा, ऑटोमॅटिक पाण्याचा खरा उपयोग तिथेच दिसतो, कारण शाळा बंद असली तरी रोपांना तहान लागतेच.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचा मातीचा सेन्सर कोरड्या मातीत मोठा आकडा देतो आणि ओल्या मातीत लहान. वायफाय जोडलं की रीडिंगच येत नाही. बोर्ड ईएसपी३२ (वायफाय असलेला, कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) आहे. खराब झालाय का?

उत्तर : बहुतेक नाही. तुझा सेन्सर कपॅसिटिव्ह (मातीची वीज साठवण्याची क्षमता बघून ओल सांगणारा) असेल तर त्याचं असंच असतं, ओल वाढली की व्होल्टेज कमी होतं. आधी कोरड्या हवेत धरून आकडा लिहून घे, मग पाण्यात सेन्सरवरच्या रेघेपर्यंतच बुडवून दुसरा लिही, वरचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग भिजवू नकोस. हे झाले तुझे ० आणि १०० टक्के. मित्राच्या सेन्सरचे आकडे वेगळे येणार, प्रत्येकाचं वेगळं मोजावं लागतं. ईएसपी३२ वर रीडिंग ० ते ४०९५ मध्ये येतं, आर्डुइनो ऊनो या दुसऱ्या बोर्डावर ० ते १०२३, त्यामुळे नेटवरचा कोड जसाच्या तसा उचललास तर गोंधळ होणारच.

वायफायचं कारण वेगळं आहे. या बोर्डावरच्या काही अ‍ॅनालॉग पिन (कमी-जास्त होणारं व्होल्टेज वाचणाऱ्या) वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. वायर ३२ ते ३९ मधल्या पिनवर घे, बहुतेक चालेल.

पंप बोर्डाच्या पिनला थेट जोडू नको, मध्ये रिले किंवा मॉसफेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) लागतोच, आणि पंप लहान बॅटरीवर चालणाराच घे, घरच्या विजेवरचा अजिबात नको. कोडमध्ये चालू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा वेगवेगळा ठेव, समजा ३० टक्क्यांना चालू आणि ४५ ला बंद, नाहीतर तो सारखा चालू-बंद करत बसेल. अजून एक, सेन्सर मातीतून उपटून पडला तर त्याला सगळं कोरडंच दिसतं आणि पंप थांबतच नाही, म्हणून काही झालं तरी ठराविक सेकंदांनंतर पंप बंद अशी ओळ आधी लिही.

प्रश्न : मुलांनी भाजी विकली, हातात पैसे आले, सगळे म्हणतात नफा झाला. पण बी, खत, सेन्सर सगळं शाळेनं दिलं होतं. मग हा नफा म्हणायचा का?

उत्तर : ताई, ही नुसती विक्री झाली. वहीत बी, खत, पिशव्या लिहा, उगवलंच नाही ते बी पण लिहा, न विकली गेलेली भाजी लिहा. सेन्सर आणि पंपाची किंमत एका हंगामावर टाकू नका, किती हंगाम टिकेल असं वाटतं तितक्यांनी भागा (मुलं यावर भांडतात, भांडू द्या). मुलांचे तास वेगळ्या रकान्यात. तासांची किंमत धरली की बहुतेक वेळा हिशोब तोट्यात जातो, तो लपवू नका, आता काय बदलायचं ते त्यांनाच विचारा. कुणी भाव वाढवू म्हणेल, कुणी पीक बदलू म्हणेल, कुणी सेन्सर काढून टाकू म्हणेल.

पुढच्या वेळी पेरणीच्या आधीच शिक्षक आणि पालकांकडून ऑर्डर घ्यायला लावा, कुणाला काय हवं, किती हवं, कुठल्या आठवड्यात. मग त्या तारखेपासून मागे मोजत पेरणीचा दिवस काढायचा आणि तोही एकदम सगळा वाफा न पेरता आठवड्याच्या अंतराने थोडा थोडा, म्हणजे सगळी भाजी एकाच दिवशी येऊन अंगावर पडत नाही. पैसे कुठे जमा होणार आणि कोण वापरणार हे मुख्याध्यापकांशी बोलून पहिली जुडी विकायच्या आधीच ठरवून घ्या.