आधी सुईवर, मग फळीवर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गाळा घेऊ की नको, हा प्रश्न तू चार ओळींत उरकलास आणि त्यात लोकर कोणती भरायची यावर पानंच्या पानं लिहिलीस. म्हणजे दुकान काढायचं तुझं ठरलेलंच आहे. तेव्हा धीर देण्यात मी शाई घालवत नाही.

पण त्या सगळ्या पानांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "काकू, काय खपेल?" पुण्याची मैत्रीण सांगते, तुर्की लोकर ठेव, हल्ली बायका रंग बघूनच घेतात. मामा सांगतो, लुधियानाचं ॲक्रिलिक भर, त्याला कसर लागत नाही. तुझं स्वतःचं मन माण-खटावच्या मेंढरांच्या लोकरीवर बसलंय. तिघांच्या ओढाताणीत झोप लागत नाही म्हणतेस. मला एवढंच सांग, या तिघांतल्या कुणी त्या लोकरीचा वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून हातात धरलाय? मामाचं सोड. तू? तुझ्या पत्रात भाव आहेत, फोटो आहेत, पार्सलचा खर्च आहे. एकाही तुकड्याचं माप नाही.

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या त्या अरुंद दुकानात माझं आयुष्य गेलं. तिथे नियम एकच होता, आधी सुईवर, मग फळीवर. जी लोकर मी विणली नाही, ती मी विकली नाही. नवा माल आला की पहिला गुंडा माझा. साधी फोर प्लाय, म्हणजे चार पदरी लोकर असेल तर दहा नंबरच्या सुईवर तीस टाके घालायचे आणि एक ओळ सुलट, एक उलट असे दोन तुकडे विणायचे. एक तसाच ठेवायचा. दुसरा गिऱ्हाईक धुईल तसा धुवायचा, म्हणजे पावडरच्या पाण्यात रात्रभर, मग पिळून गच्चीवर कडक उन्हात. लेबलवर हलक्या हाताने धुवा असं लिहिलेलं असतं. घरात सहा माणसांचं धुणं असलेल्या बाईला हलका हात परवडत नाही, आणि आपली गिऱ्हाईकं याच बायका आहेत. तुकडा वाळला की दोन्ही शेजारी ठेवून पट्टी लावायची. किती आटला, किती सैलावला, रंग किती गेला, गोळे धरले का. हे सगळं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तुकड्याला टाचायची. मग त्या लोकरीला फळीवर जागा.

तुला वाटेल, काकूंच्या काळात वेळ होता. वेळ तेव्हाही नव्हता, बाळ. दिवाळीनंतर पाचगणीच्या शाळांतल्या मुलांचे आईबाप यायचे, डोहाळजेवण झालेल्या मुलींच्या आया बाळंतविड्याची लोकर न्यायला यायच्या, दुपारी जेवायला सवड नसायची. तुकडे रात्री विणले जायचे.

आता तुझी माणची लोकर. तुझ्या मनात ती का बसली ते मला समजतं, आणि त्या ओढीचा मला आदर आहे. मेंढपाळाला आज कातरणीचा खर्चही सुटत नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते, हे तू बघून आलीस. तुझा जीव कळवळला. बरोबरच आहे. पण तिथल्या दख्खनी मेंढीची लोकर कशासाठी आहे ते आधी बघ. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू जाडीला साधारण 24 मायक्रॉनच्या आत असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून तो गळ्याला बोचत नाही. दख्खनीचा त्याहून पुष्कळ जाड, राठ, त्यात मधे मधे केसासारखे ताठ तंतू. आपल्याकडे त्याचं घोंगडं झालं ते उगीच नाही. हाताने सूत काढायचं, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्यायची, खड्ड्याच्या मागावर विणायचं. असं घोंगडं पाऊस झेलतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. त्याच सुताचा मफलर विणून तू एखाद्या हौशी मुलीला विकलास, तर ती तो संध्याकाळी काढून ठेवेल आणि पुन्हा कधी गळ्यात घालणार नाही. मग "आपली लोकर" या शब्दांवरचा तिचा विश्वास जाईल आणि मेंढपाळाचं नुकसानच होईल. त्या सुताचं बसायचं आसन विण, पायपुसणं विण, खांद्याची पिशवी विण. एक मफलरही विण, पण तो विकायला नको. तो स्वतःच्या गळ्यात घालून पूर्ण दिवस काम कर. संध्याकाळी तुझी मानच तुला उत्तर देईल, मला विचारायची गरज पडणार नाही.

मामांवर तू उगाच चिडली आहेस. लुधियानाच्या ॲक्रिलिकला नावं ठेवायची हल्ली पद्धत पडली आहे. वर्धमान आणि ओसवाल यांच्या लोकरीवर महाराष्ट्रातल्या बायकांनी घरंच्या घरं स्वेटर विणले, आणि ते स्वस्त होते म्हणूनच विणू शकल्या. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते, ॲक्रिलिक तसं आटत नाही. मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवली तर त्याचा ताणच मरतो, कपडा लुळा पडतो आणि पुन्हा उभारी धरत नाही. गिऱ्हाईकाला हे कोण सांगणार? ज्यानं एक तुकडा इस्त्रीखाली घालवलाय, तोच.

आणि आता रागावते. गेल्या दिवाळीत तू पणतीभोवती ठेवायच्या क्रोशाच्या चकत्या विकल्यास, त्यांचे फोटो पाठवले होतेस. रंगसंगती सुंदर होती, मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, एकसारखे होते, काठाची साखळी कुठेही ओढलेली नव्हती. पण धागा ॲक्रिलिकचा होता. तू त्याचा एक इंच तरी काडीवर धरून पाहिलास का? लोकर ज्योतीवर धरली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरडणारी राख उरते. ॲक्रिलिक पेटतं, वितळतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो. तो तापलेला मणी कातडीवर पडला तर चिकटून बसतो. ज्योतीजवळ सुती धागाही ठेवायचा नाही, तोही पेटतोच. गरम भांड्याखालच्या चकत्या मात्र सुतीच विकायच्या. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, चिमटा आणि पाण्याची वाटी जवळ घेऊन करायची. ऑर्डर भरभरून आल्या म्हणून ती करायची राहिली असेल, तर हे कारण मला चालणार नाही.

तुर्की लोकरीचं थोडक्यात सांगते. रंग देखणे, हाताला मऊ, आणि बऱ्याच गुंड्यांत लोकर थोडी, ॲक्रिलिक जास्त. लेबल वाचून टक्केवारी बघ, मग विण, मग धू. मऊपणा पहिल्या धुण्यानंतर किती उरतो ते बघूनच भाव ठरव.

सुयांच्या नंबराचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तुझ्याकडे येणाऱ्या मुली फोनवरचे नमुने घेऊन येतील. आपल्याकडे जुनी इंग्रजी मापं चालतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, दहा म्हणजे 3.25, बारा म्हणजे 2.75. अमेरिकी नंबर उलटे चढतात, तिथली आठ नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते. मुलगी नमुन्यात आठ वाचते, आपल्या दुकानातून आठ घेते, महिनाभर विणते आणि स्वेटर धाकट्या बहिणीलाही होत नाही. दोष ती स्वतःच्या हाताला देते आणि विणणं सोडते. क्रोशाच्या अमेरिकी आणि इंग्रजी नावांतही असाच गोंधळ आहे, म्हणून मी खांब, मुका खांब, साखळी एवढेच शब्द वापरायची आणि सुई मिलिमीटरमध्ये लिहून द्यायची.

आणि सुई बरोबर असली तरी हात प्रत्येकीचा वेगळा. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके लिहिलेत, छातीचा घेर 90 हवा, म्हणून तू 198 टाके घातलेस. तुझा हात जरा सैल असला आणि 10 सेंटिमीटरला 20 च टाके बसले, तर तेच 198 टाके 99 सेंटिमीटर भरतात. दोन टाक्यांच्या फरकानं नऊ सेंटिमीटर वाढलं. वीतभर तुकडा आधी विणला असता तर हे पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. आता सांग, मी तुकडा तुकडा करते ते हट्टापायी?

असेलही हट्ट. घरात सगळे तोच शब्द वापरतात. थंडी सुरू झाली की तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडायचे. लुधियानाचा यंत्रावरचा माल, रंग ताजे, भाव असा की तेवढ्यात आमच्याकडे नुसती लोकरही येत नसे. आमचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. घरच्यांनी सुचवलं, अर्धं दुकान तयार कपड्यांचं कर. हिशेबाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. मी केलं नाही. तयार स्वेटर मी विणलेला नसतो, तो धुतल्यावर काय होईल हे मी कुणाला सांगू शकले नसते, मग माझ्या दुकानात येऊन कुणाला काय मिळालं असतं? एका व्यापाऱ्यानं पाठवलेली लाल लोकर धुतल्यावर रंग सोडू लागली, तेव्हा ती सगळी परत केली. त्यानं उधारी बंद केली, तो हंगाम हात आखडून काढावा लागला. तेव्हाही घरात बोलणी बसली. पण त्या वर्षी साताऱ्यात एकाही बाळाचं पांढरं दुपटं माझ्या दुकानातल्या लाल किनारीनं गुलाबी झालं नाही. याचा हिशेब वहीत दिसत नाही, म्हणून तो तुला लिहून सांगते आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. दुकानात बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी 1962 च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणले होते. आपला जिल्हा फौजेचा, जवळजवळ प्रत्येकीच्या घरचं कुणीतरी सीमेवर. त्या बायकांना मोज्याच्या टाचेचा असा एक नमुना यायचा की टाच झिजली तर तेवढीच उसवून नवी विणता यायची. मला त्यांनी तो हातात सुया देऊन दाखवला. हाताला येतो, पण आज कुणाला शब्दांत सांगायला गेले की अडखळते. त्यांच्यातली आता कुणी नाही. तू तुझ्या तुकड्यांवर चिठ्ठ्या टाचशील तेव्हा शिकवणारीचं नावही लिही.

लॉट नंबराबद्दल विचारलं आहेस. लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेला माल. रंगाचा नंबर एकच असला तरी दोन वेगळ्या लॉटचे गुंडे उन्हात शेजारी धरले की फरक दिसतो. म्हणून पूर्ण स्वेटरची लोकर एकाच लॉटमधून द्यायची, आणि एक गुंडा जास्त बाजूला ठेवून महिनाभर कुणाला विकायचा नाही. अडलीच एखादी बाई, तर तिला दोन लॉटचे गुंडे घेऊन दोन दोन ओळी आलटून पालटून विणायला सांग, सांधा दिसत नाही. हेही तिला तोंडी सांगू नकोस. तसा विणलेला तुकडा काढून दाखव. माझ्या गिऱ्हाइकांनी माझ्या बोलण्यावर कधी भरवसा ठेवला नाही, तुकड्यांवर ठेवला, आणि तेच योग्य होतं.

ऑनलाइन विकायचं की दुकानात, यावर मला फारसं मत नाही. दोन्ही कर. पण फोटोखाली धुतलेल्या तुकड्याचाही फोटो टाक.

आता कामाचं. तिन्ही प्रकारची एकेक लडी आण, त्यात एक लाल रंगाची असू दे. तिन्हींचे जोडतुकडे विण आणि मापं मला कळव. तोवर कुणालाही मालाची आगाऊ रक्कम देऊ नकोस, मामांच्या ओळखीचा असला तरी. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचाच कर. भाडं कमी आहे म्हणून भुलू नकोस. सही करायच्या आधी चांगल्या पावसात एकदा जा आणि मागच्या भिंतीला तळहात लावून बघ. ओल असेल तर फळ्या भिंतीपासून हातभर पुढे घ्याव्या लागतील. मग बाकाला जागा उरते का, ते पावलांनी मोजून बघ. उरत नसेल तर दुसरा गाळा शोध.

तुझी,
काकू

ता. क. लाल लोकरीचा तुकडा एकटा धुऊ नकोस. पांढऱ्या सुती चिंधीत बांधून रात्रभर भिजव.