सीटीत मानेच्या गाठी लहानच आहेत, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

तुमच्या वडिलांना जिभेचा कॅन्सर आहे, अगदी लवकरच्या टप्प्यातला. सीटीच्या रिपोर्टात मानेतल्या गाठी ८ मिमीच्या, 'सबसेंटिमीटर' (१ सेंमीहून लहान) लिहिल्यात, तरी सर्जन त्या काढायच्या म्हणतात. ड्युअल एनर्जी सीटी करून हे टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज लिहिते. स्पष्टच सांगते, एवढ्यासाठी नवा स्कॅन करू नका.

सीटीत आम्हाला पेशी दिसत नाहीत, गाठीचं रूप दिसतं. निरोगी लिम्फ नोड, म्हणजे मानेत सगळ्यांनाच असणारी ही गाठ, घेवड्याच्या दाण्यासारखी असते, एका बाजूला खाच आणि खाचेत चरबी. आम्ही तिची लांबी नाही, रुंदी मोजतो. ती १० मिमीच्या वर गेली (जबड्याच्या कोनाखालच्या गाठीला साधारण ११ पर्यंत सूट), चरबी दिसेनाशी झाली, गाठ गोल झाली, की संशय वाढतो. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध) दिल्यावर कडा उजळली आणि मधला भाग काळाच राहिला, तर ८ मिमीची गाठही मी सोडत नाही. पण आपल्याकडे क्षयाची गाठही तशीच दिसते, आणि किडक्या दाढेनेही गाठी सुजतात. अशा वेळी सोनोग्राफीखाली सुई घालूनच खात्री करावी लागते.

तुमच्याकडे अडचण उलटी आहे. दिसायला साध्या गाठीत कॅन्सरचा २ मिमीहून लहान पुंजका बसलेला असेल, तर सीटीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. ड्युअल एनर्जीत दोन वेगळ्या व्होल्टेजवर स्कॅन होतो, त्यातून कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन कुठे किती पोचलं ते कळतं. दातांवरच्या धातूच्या कॅपमुळे येणारे पांढरे पट्टेही कमी करता येतात, आणि जिभेच्या स्कॅनमध्ये ते पट्टे फार छळतात. फायदा खरा आहे, पण तो पुंजका त्यातही निसटतो. पेट सीटीतही (पेशी किती साखर वापरतात ते दाखवणारा स्कॅन) निसटतो, शिवाय तिथे साधी सूजही चमकते.

हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलने थेट तपासलाय. तोंडाचा लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर, मानेत कॅन्सरची गाठ आढळलेली नाही, असे पेशंट. एका गटात मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्यात पुढे कॅन्सरची गाठ आली तरच. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला: ३ वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५ टक्के. वाट पाहण्याची किंमत एवढी मोठी आहे.

सर्जनना हे विचारा: जखम जिभेत किती मिमी खोल गेलीय, मानेच्या कुठल्या लेव्हलच्या (भागांतल्या) गाठी काढणार, खांद्याची नस वाचवणार का, फिजिओथेरपी कधी सुरू करायची. आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नीट समजून घ्या. किती गाठींत कॅन्सर सापडला, तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलाय का, हे त्यात असतं. रेडिएशन लागेल का, सोबत केमोही द्यावी का, हे ठरवताना तेच बघतात.